गेटाबाहेरची पडकई

मी वाडी सोडली ती हिरड्याच्या पोत्यांवर बसून. भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरातून तेव्हा सकाळी एकच जीप खाली उतरायची. तिच्यात आधी व्यापाऱ्याची पोती चढायची आणि उरलेल्या जागेत माणसं. नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझी गादी खताच्या गोणीत कोंबून टपावर बांधली, गाठीवर गाठ मारली आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली. आई जीपच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "रडायचं आसंल तर घाट उतारल्यावर रड. जीपीतली समदी आपल्याच वाडीची हायेत, सांज व्हायच्या आत घराघरांत सांगत्याल." मी घाट उतरल्यावरही रडले नाही. हिरड्याची धूळ नाकात जाऊन शिंकत शिंकतच राजगुरुनगरला पोचले.

हे मी वाडीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे पोत्यांवर बसून खाली आले त्यांच्यासाठीही. आता मी राहते त्या सोसायटीतल्या लोकांनी वाचलं तर वाचोत. त्यांना राग आला तर येऊ दे, मला तो कधीचा आलेला आहे.

पहिली खोली कासारवाडीला होती, रुळांच्या इतकी जवळ की गाडी गेली की भांडी मांडणीवर सरकायची. कोर्स संपला, मग खासगी हॉस्पिटलातल्या ड्युट्या झाल्या आणि मग चाकणच्या एका कंपनीच्या दवाखान्यात कायमची लागले. प्रेसखाली चेमटलेली बोटं, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, ओव्हरटाइम करून चक्कर आलेली पोरं, हे माझं काम. लग्न झालं, दोघांच्या पगारावर पिंपळे सौदागरला फ्लॅट झाला. वाडीत आम्ही 'पानी भरायला चालले' म्हणायचो, इथे मी 'टँकर बुक केला का' म्हणते. आई गेली तेव्हा मी सेकंड शिफ्टला होते. आण्णा वाडीतच राहिले. चार दिवस इकडे आले तरी त्यांना लिफ्टमधून उतरलं की कुठे जायचं तेच कळत नाही, म्हणतात, "खाली आलं की पुन्ना खालीच."

आमच्या सोसायटीत एक सेवा ग्रुप आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी बसमधून कुठल्यातरी दूरच्या गावात जायचं, एका बाजूला आरोग्य शिबिर, दुसऱ्या बाजूला बांधकाम. कुठे शाळेची भिंत, कुठे पाण्याची टाकी. सेक्रेटरी मिलिंद सर हे त्याचे म्होरके. मी नर्स म्हणून बऱ्याचदा जायचे. आणि मी खोटं बोलणार नाही, ती माणसं राबतात. एरवी ज्यांना घरात बल्ब बदलायला माणूस लागतो, ते दिवसभर घमेली वाहतात, हाताला फोड येतात, सोमवारी ऑफिसात बसून ते फोड एकमेकांना दाखवतात. त्यात माझी काही तक्रार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो फोटोंच्या वेळी. औषधाची बाटली हातात धरून म्हाताऱ्यांना उभं करायचं आणि "काकू, स्माइल" म्हणायचं. ती काकू दात नाहीत म्हणून तोंडावर पदर घेते, तर पदर बाजूला करायला लावायचा. एका गावात आमच्या ग्रुपचा बॅनर शाळेच्या पाटीवरच लावला होता. शाळेचं नाव काय, ते बॅनर निघाल्यावर कळलं.

तरीही ग्रुपला मी आमच्या वाडीवर नेलं. कारण सांगते. वाडीत सरकारी नर्सबाई महिन्यातून एकदा येते. तिला बसायला जागा नाही. गरोदर बायकांना ती देवळाच्या ओट्यावर, दोन खांबांना साडी बांधून तपासते. वारं आलं की साडी उडते, ओट्याखाली बाप्ये बिड्या ओढत बसलेले असतात. त्यामुळे कितीतरी बायका तपासायला जातच नाहीत. माझी चुलतबहीण सखू तरुणपणी तशीच गेली नव्हती. तिच्या बाळाचं काय झालं ते वाडीला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. मला वाडीत एक खोली हवी होती, दाराला आतून कडी असलेली. बस्स.

ग्रुप दिवाळीनंतर आला. एकीकडे शाळेत शिबिर, दुसरीकडे देवळामागच्या सपाटीवर खोलीचं काम. वाडी सगळी उतरली होती. ग्रुपमधल्या पोरांनी पाया भरला, वाडीतल्यांनी दगड दिले, पुढच्या दोन फेऱ्यांत भिंती स्लॅबच्या पातळीपर्यंत आल्या. स्लॅबसाठी सिमेंट, सळ्या आणि मिक्सर घेऊन ग्रुप पावसाळ्याआधी परत येणार, असं ठरलं. सगळे खुशीत होते. मीसुद्धा.

मग आण्णांचा फोन आला. "वाडीची बैठक झाली," म्हणाले. "त्या लोकांची पडकई आपल्या अंगावर हाय. त्यांच्याकडं काय काम निघतंय, इचारून सांग."

पडकई म्हणजे काय, ते आमच्या डोंगराबाहेरच्यांना सांगायला हवं. उतारावर भाताची खाचरं पाडायची तर ते एका घराच्या मनगटाचं काम नाही. म्हणून घरटी एक माणूस येतो, आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या. मजुरी कोणी घेत नाही. ज्याच्या बांधावर काम, त्याने जेवायला घालायचं. जेवण घातलं नाही तर ती पडकई धरत नाहीत, ती नुसती वेठ. आणि एकाची पडकई अंगावर असताना त्याच्याकडे पुन्हा मागायला जायचं नाही. वाडीतला कितीही गरीब माणूस असला तरी त्याला या एका बाबतीत मान खाली घालावी लागत नाही, कारण मनगट सगळ्यांना आहे.

मी आण्णांना समजावलं की हे लोक असं काही परत घेत नसतात, ही सेवा असते. ते म्हणाले, "सेवा देवाची करत्यात. आमी काय देव हाय का? देव न्हाई, आन् भिकारीबी न्हाई. मग शेजारीच हाय का न्हाई?"

मी म्हटलं, सिमेंटसुद्धा त्यांनीच दिलंय, ते कसं फेडणार?

"सिमेंट दिलं त्ये त्यांचं पुण्य. त्याला आमी हात जोडले. पन घाम गाळला ती पडकई. ती फिटंस्तवर सलाब नको."

झालं. भिंती उभ्या, वर आभाळ, आणि वाडी म्हणते आधी आमचे हात तुमच्या कामाला लावू द्या. सखूची सून तेव्हा नुकतीच पोटुशी होती. पावसाच्या आत छप्पर नाही पडलं तर तिलाही त्याच साडीमागे जावं लागणार होतं, किंवा जाणारच नाही. मी मिलिंद सरांना सांगितलं. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं आणि ग्रुपच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं करून वर ॲटिट्यूड? आपण काय कॉन्ट्रॅक्टर आहोत का? दुसरं गाव बघू या, गरजू गावांची कमी नाही.

मी क्लब हाउसमध्ये मीटिंग मागितली. पदर खोचूनच गेले होते म्हणा ना. एवढंच मागत होते की सोसायटीने वाडीला एका दिवसाचं काम द्यावं. बाग खणायला द्या, गच्चीवरची माती हलवायला द्या, काहीही. आणि दुपारी जेवायला घाला. एवढ्याने त्यांचं फिटेल आणि आपला स्लॅब पडेल. तर एकेकाच्या शंका सुरू झाल्या. बागेचं काम व्हेंडरकडे आहे. बाहेरच्या माणसाला कुदळ लागली तर लायबिलिटी कोणाची? पोलीस व्हेरिफिकेशन? फुकट मजूर वापरले म्हणून कोणी कंप्लेंट केली तर? मी म्हटलं, आमच्या डोंगरावर तुम्ही चपला घालून दगड फोडत होतात, तेव्हा आमच्या वाडीने लायबिलिटी विचारली होती का? त्यावर सगळे हसले. चेष्टाच वाटली त्यांना.

शेवटी मिलिंद सरांना तोडगा सुचला. प्रजासत्ताक दिनाला वाडीतल्या लोकांना बोलवू, शाल-श्रीफळ देऊ, आणि ते त्यांचा पारंपरिक नाच करतील. "त्यांनाही काहीतरी दिल्याचं समाधान." टाळ्या पडल्या. आण्णा आयुष्यात कधी नाचलेले नाहीत. गुडघे धरलेत त्यांचे. ज्या माणसाने डोंगर कापून खाचरं पाडली त्याचा हात यांना नको, पाय थिरकायला हवेत. मी उठून निघून आले. लिफ्टची वाट न बघता जिन्याने चढले, तरी घरात शिरेपर्यंत राग उतरला नव्हता.

आमच्याच सोसायटीतल्या, शिबिरांना येणाऱ्या डॉक्टर मॅडम तेवढ्या मागून आल्या. म्हणाल्या, मी एकटीने मत देऊन काय होणार? मी म्हटलं, दिलं असतं तर निदान मला कळलं असतं.  आपल्यात चांगली माणसं पुष्कळ आहेत हो, पण मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं.

आण्णांना मी हे सगळं सांगितलं नाही, नाचाचं आमंत्रणही पोचवलं नाही, एवढंच म्हटलं की जरा थांबा. ते थांबले. होळी झाली आणि एका रविवारी सकाळी मला गेटवरून फोन. आमच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड लातूरकडचा आहे, नेहमी शांत असतो, त्या दिवशी गडबडला होता. "ताई, टेम्पोभर माणसं आलीत. तुमचं नाव सांगालेत. ॲपवर कशात टाकू? लेबर टाकू का?"

मी म्हटलं, गेस्ट टाक.

"गेस्टाकडं कुदळी-फावडे ऱ्हातेत का, ताई?"

खाली आले तर हिरड्याच्या टेम्पोतून वाडी उतरत होती. बाया, बाप्ये, कुदळी, घमेली, डोक्याला टापश्या. सखू होती, तिचा नवरा होता. आण्णा धुतलेलं धोतर नेसून आले होते, कामाला येताना कोण धुतलेलं धोतर नेसतं? आणि एकाच्याही हातात भाकरीचं फडकं नव्हतं. पडकईला जाताना भाकरी बांधून नेणं म्हणजे घरधन्याचा अपमान. जेवण मिळणार हे धरूनच ते आले होते, यजमानाच्या भरवशावर.

मिलिंद सर मॉर्निंग वॉकवरून आले. आधी आनंदले, खरंच आनंदले. "अरे वा, सरप्राइज!" म्हणाले, आण्णांच्या गळ्यात हात टाकून सेल्फी घेतला. मग कुदळी दिसल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी आण्णांचा हात हातात घेऊन गोड आवाजात समजावलं, "काका, कशाला हा त्रास? आम्ही परतफेडीच्या अपेक्षेने केलं नव्हतं."

"तुमची नसंल," आण्णा म्हणाले. "आमची हाय."

सरांनी गार्डला सांगितलं की सगळ्यांना चहा-बिस्किटं दे, दोघा-दोघांना आत नेऊन बाग दाखवून आण, पण हत्यारं गेटाबाहेर राहू देत. मला त्या क्षणी वाटलं की हे फावडं उचलावं आणि क्लब हाउसच्या काचेवर घालावं. चहा-बिस्किटांचा राग नाही आला मला. राग आला तो याचा, की या माणसाने वाडीत सखूच्या हातची भाकरी तीनदा मागून खाल्ली होती. तेव्हा त्याला ते परत करावंसं वाटलं नाही, आणि आता कोणी परत करायला आलं तर ते घेताही येत नव्हतं. आपला हात नेहमी देणाऱ्याचा, वरच राहिला पाहिजे, ही कसली सेवा?

आण्णांनी चहा घेतला नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या कडेला पावसाच्या पाण्याची एक जुनी चारी आहे. लोकांनी फ्लॅटची तोडफोड केली की टाइल्स, विटा, संडासाची फुटकी भांडी रात्रीतून तिच्यात पडतात. चारी बुजली, पावसाळ्यात पाणी तुंबतं, डास होतात, आणि दर वर्षी सोसायटी महापालिकेला शिव्या घालते. आण्णांनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये कुनाचं?"

"ते भिंतीबाहेरचं आहे, आमचा संबंध नाही," सर म्हणाले. "तिथे तुम्हाला काय करायचं ते करा." आणि ते आंघोळीला गेले.

वाडी चारीत उतरली. मी वर पळाले. घरातला सगळा तांदूळ काढला, शेजारच्या मेसवाल्याची मोठी पातेली आणली, भात, आमटी, बटाट्याची भाजी. नवरा पापड भाजत होता. खिडकीतून कुदळीचे घाव ऐकू येत होते. अधूनमधून कुणीतरी बाल्कनीतून डोकावून बघत होतं. डॉक्टर मॅडम मात्र खाली आल्या, ओढणी कमरेला बांधली आणि घमेली उचलायला लागल्या. एकट्याच. दुपारपर्यंत चारी मोकळी झाली, राडारोडा टेम्पोच्या बाजूला ढिगाने लागला.

गेटाबाहेरच्या फूटपाथवर पंगत मांडली. मी पत्रावळींवर भात वाढला, आमटी वाढली. कोणी घासाला हात लावेना. सगळे आण्णांकडे बघत होते. आण्णा माझ्याकडे.

"तू कुनाकडनं वाढतीयास?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला. लेक म्हणून वाढत असले तर ते लेकीच्या घरचं जेवण. बाप लेकीकडे आला, जेवला, गेला. मग चारीतलं सगळं काम वेठीत जमा. पडकई फिटायची तर घरधन्याने वाढलं पाहिजे. घरधनी आंघोळ करून मॉलला गेला होता. त्याच्या गाडीला वाट द्यायला आमची पंगत थोडी सरकली होती, तेव्हा त्याने काच खाली करून "एन्जॉय!" म्हटलं होतं.

मी म्हणाले, "सोसायटीकडनं. मी हितली हाय."

 सखूने मान वळवली. मग आण्णा माझ्यापुढे, स्वतःच्या पोटच्या पोरीपुढे, दोन्ही हात जोडून म्हणाले, "फिटली." आणि जेवायला लागले. पाठोपाठ सगळी पंगत जेवायला लागली. मी आमटीची बादली घेऊन फिरत राहिले. 

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चारीचा फोटो आला. पाठपुरावा केल्याबद्दल कोणीतरी नगरसेवकाचे आभार मानले होते, खाली टाळ्यांची रांग लागली होती. मी लिहिलं, ही चारी कोणी उपसली ते तुम्ही बाल्कनीतून पाहिलंय.  थोड्या वेळाने पार्किंगचा विषय निघाला.

स्लॅब मेमध्ये पडला. वाडीने आता आनंदाने हो म्हटलं, ग्रुपला वाटलं गावाला अक्कल आली. मिलिंद सरांनी भाषणात "हट्ट सोडल्याबद्दल" वाडीचं कौतुक केलं. आण्णांनी ऐकून घेतलं. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता, नवी पडकई सुरू झाली होती आणि ती फेडायला ते पुन्हा टेम्पो काढणार होते. मला मात्र ते भाषण ऐकून गप्प राहवेना. मी माइक मागितला. तो त्यांनी हसत हसत बंद केला, म्हणाले जेवणं गार होतायत. पण खोली झाली. दाराला आतून कडी आहे. सखूच्या सुनेला नर्सबाईने तिथे तपासलं, दार लावून. मी जे मागत होते ते मिळालं, आणि तरीही माझा राग गेलेला नाही. एक ताट वाढायचं होतं यांना, एकच. ते यांनी वाढलं नाही म्हणून मला माझ्या बापासमोर परकी व्हावं लागलं.

कोणी विचारतं, आता घर कुठलं मानतेस? इथल्या बाया विचारतात, तिथल्याही. मी सांगते, आमच्याकडे घरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात. पातेल्याच्या तळाचं खरवडून, पाय पसरून, गप्पा मारत जेवतात. जिथे आपल्याला शेवटी बसवतात ते घर.

स्लॅबच्या दिवशी वाडीत दुपारची पंगत बसली तेव्हा मी नेहमीसारखा पदर खोचला आणि भाताचं पातेलं उचलायला गेले. सखूने ते माझ्या हातातून काढून घेतलं. रागाने नाही, अगदी मायेने. "आवं, बसा की पाव्हनं," म्हणाली, आणि मला मिलिंद सरांच्या शेजारी, पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. आण्णा स्वतः वाढत होते. भात आमच्याच खाचरातला होता, आणि ते मला आग्रह करत होते.